मावशी, पोट साफ होतं का?

मैत्रिणींनो, कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या बाईला भेटायला आपण जातो तेव्हा काय काय विचारतो, आठवून बघा. जेवण जातं का? उलट्या थांबल्या का? झोप लागते का? केस किती गेले, हे विचारत नाही, पण डोक्यावरच्या पदराकडे बघून घेतो. शहाळं नाहीतर सफरचंदं उशाशी ठेवतो, 'धीर सोडू नका' म्हणतो आणि निघतो. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. पोट साफ होतं का? आणि कुणी विचारलं नाही, तर ती बिचारी आपणहून सांगणारही नाही. बायकांनी हे चारचौघांत बोलायचं नसतं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. त्या साध्या क्रियेला आपण शब्द तरी किती शोधून काढलेत! परसाकडे, बाहेर, झाडा... सगळे आडून बोलायचे शब्द.

मी विचुंब्यात राहते. नवीन पनवेलला खेटून असलेलं हे गाव. जुनी कौलारू घरं आणि त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या इमारती, असा आमचा शेजार. महिला मंडळाच्या कामातून आजारी बायकांच्या घरी जाणं-येणं होतं, कुणाला सोबत नसली तर हॉस्पिटलातही जाते. टाटाचं खारघरचं केंद्र, म्हणजे अॅक्ट्रेक, आम्हाला जवळ. पनवेलहून लोकलनं तिसरं स्टेशन. परळचं टाटा मेमोरियल १९४१ सालापासून आहे, तिथं जायचं तर मात्र दिवस मोडतो. या जाण्या-येण्यात जे ऐकलं, पाहिलं आणि तिथल्या नर्सताईंना खोदून खोदून विचारलं, ते आज लिहिते आहे.

आधी त्या दिवस मोडण्याचंच सांगते, कारण बऱ्याच जणींचं दुखणं तिथूनच सुरू होतं. केमोची तारीख असली की बाई पहाटे चारला उठते. घरात संडास एक, माणसं सात. त्या वेळी पोटाला घाई नसते आणि थांबायला सवड नसते. मग हार्बर लाइन, कुर्ल्याला गाडी बदलणं, पुढे परळ. गाडीत जायला लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत जागा सोडायची नाही, पुकारा झाला तर? दुपारी कळ येते ती ती दाबून टाकते. संध्याकाळी घरी येऊन आडवी होते. दुसऱ्या दिवशी कळच येत नाही. तिसऱ्या दिवशी पोट दगड. जे लांबून येतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या चाळीत उतरतात, त्यांचं तर विचारूच नका. सामाईक संडास, बाहेर रांग, कुणीतरी दार वाजवतंय... अशा ठिकाणी धडधाकट माणसाचं होत नाही, तर आजारी बाईचं कुठून होणार?

पण सगळा दोष प्रवासाला देऊन चालणार नाही. औषधंसुद्धा आतडं सुस्त करतात, आणि हे आपल्याला माहीतच नसतं. केमोच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून जी औषधं देतात, ऑन्डानसेट्रॉन वगैरे, ती फार गुणाची आहेत. पूर्वी केमो म्हणजे बादली घेऊन बसायचं, ते या औषधांनी कितीतरी कमी झालं. पण त्यानं पुढचे दोन-चार दिवस पोट आवळून धरल्यासारखं होतं. रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम, काही अॅसिडिटीची औषधं, यांचाही हातभार लागतोच. काही केमोची औषधं तर थेट आतड्याच्या नसांवरच परिणाम करतात. व्हिन्क्रिस्टीन नावाचं एक औषध आहे, रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर १९६०च्या दशकापासून वापरतात. ते मूळचं निघालं कशातून, माहीत आहे? आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून! (म्हणून कुणी सदाफुलीचा पाला वाटून देऊ नका हं. आमच्याकडे एकीला दिला होता. झाड विषारी आहे आणि त्यातलं औषध शिरेतून, मोजूनमापूनच द्यावं लागतं.)

वर खाणं कमी, चालणं बंद. आणि मग घरातलं ठरलेलं वाक्य, 'पोटात काही गेलंच नाही, तर होणार काय?' मैत्रिणींनो, हे खरं नाही. आपण काहीच खाल्लं नाही तरी आतड्याच्या झडलेल्या पेशी, त्यातले जंतू, पाचकरस यांचा मळ तयार होतच असतो. कमी होईल, पण होईल. 'जेवतच नाही' म्हणून आठ-आठ दिवस वाट बघत बसायचं नसतं.

आता जे सांगणार आहे, त्याच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या आळीत एक मावशी होत्या. साठीच्या आतल्या, शेतात राबलेल्या, अंगानं काटक. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कंबर आणि मांडी इतकी दुखायची, की कूस बदलताना त्यांचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू यायचा. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. आठवड्याभरात मावशी उठून बसायला लागल्या, ओट्यावर येऊन भाजी निवडायला लागल्या. आणि पंधरवड्यानं पुन्हा तेच ओरडणं. मुलगा म्हणाला, 'गोळ्या लागू पडेनात, आता डोस वाढवायला पाहिजे.' सून मला बाजूला घेऊन म्हणाली, 'ताई, आईंचा आजार वाढला बहुतेक.' घरानं मनातून तयारी सुरू केली होती.

एके दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. मी मावशींच्या पायाला तेल लावत बसले होते. सहज विचारलं, 'मावशी, पोट साफ होतं का?' त्या एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, 'बाय, काय सांगू तुला. नऊ दिस झाले. बसले का सुरी फिरते. त्या गोळीनंच होतंय, मना समजलं. म्हणून मी ती घेतच नाय.' गोळ्या तांदळाच्या डब्यात, फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. सून हातावर गोळी ठेवायची, मावशी जिभेखाली धरायच्या आणि ती वळली की काढून घ्यायच्या. कंबरेचं दुखणं सहन करता येईल, पण हे नाही, असा त्यांनी मनाशी हिशेब केला होता. आणि हे त्या कुणाला सांगणार? दवाखान्यात बरोबर मुलगा असायचा. चाळिशीच्या मुलासमोर आई हे बोलेल का?

बघा म्हणजे, औषध लागू पडत होतं, आजारही तसा आटोक्यात होता. अडलं होतं ते एवढ्यावरच.

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, कोडीन ही सगळी अफूच्या जातीची औषधं. ती मेंदूत वेदना कमी करतात, तशी आतड्याची हालचालही मंद करतात. मळ आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. सुरुवातीला या गोळ्यांनी गुंगी येते, मळमळतं, ते बहुतेकांचं काही दिवसांत जातं, शरीराला सवय होते. पण बद्धकोष्ठतेची सवय शरीराला होत नाही. गोळी जितके दिवस चालू, तितके दिवस ती राहणारच. म्हणून मॉर्फिन सुरू होतं त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही सुरू करायचं असतं आणि रोज घ्यायचं असतं, अडल्यावर नाही. चिठ्ठीवर दुखण्याची गोळी दिसली आणि जुलाबाची दिसली नाही, तर विचारायचं, 'डॉक्टर, याच्याबरोबर पोटासाठी काय?' पुष्कळदा ती लिहिलेली असते, पण घरचेच 'आधीच अशक्त आहे, जुलाब कशाला' म्हणून बाजूला ठेवतात!

मॉर्फिनविषयी आणखी एक सांगते, कारण नावानंच लोक घाबरतात. नशेची गोळी, सवय लागेल, आता शेवट आला... असं काही नसतं. डॉक्टरांनी दुखण्यासाठी सांगितलेल्या मापात घेतली, तर व्यसन लागल्याचं क्वचितच दिसतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ही गोळी मिळवणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यता मिळालेल्या संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. इतक्या खटपटीनं रुग्णापर्यंत आलेली गोळी तांदळाच्या डब्यात जाऊन बसावी! आणि ती मनानं एकदम बंदही करायची नसते, त्यानं निराळाच त्रास होतो.

मावशींच्या सुनेला मी सगळं सांगितलं, ती शहाणी, लगेच नर्सताईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, तपासलं, अडकलेलं मोकळं केलं आणि रोजचं औषध लावून दिलं. ही औषधं दोन तऱ्हेची असतात. एक आतड्याला ढकलणारं, म्हणजे सोनामुखीच्या गोळ्या किंवा बिसाकोडिल. सोनामुखीला आठ-दहा तास लागतात, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची. दुसरं मळ मऊ करणारं, लॅक्टुलोजचं गोड सिरप नाहीतर पाण्यात कालवायची पावडर. मॉर्फिनवाल्यांना बहुतेक वेळा ढकलणारं लागतंच. किती आणि कुठलं, ते डॉक्टरच ठरवणार. सिरपनं पोट फुगल्यासारखं वाटलं, तर सांगायचं, बदलून देतात.

आणि इसबगोल? आपल्याकडे घरोघरी तोच उपाय. एरवी चांगला आहे. पण जी बाई पाणी धड पीत नाही आणि मॉर्फिन घेते, तिला इसबगोल दिलं तर ते आत फुगून गोळा होऊन बसतं आणि वाट बंदच होते. कोंड्याच्या पोळ्या, भरपूर पालेभाजी यांचंही तसंच. पाणी असेल तर ती झाडू मारतात, नसेल तर तुंबवतात. एरंडेल आणि जाहिरातीतली चूर्णंही या काळात मनानं द्यायला नकोत.

घरगुती उपायांतला एक तर कटाक्षानं टाळायचा. बाळाचं पोट अडलं की आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावते किंवा साबणाची वडी. तोच उपाय मोठ्यांवर करणारे आहेत, मेडिकलमधून एनिमा आणून देणारेही आहेत. केमोनंतर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेलेल्या असतात. त्या नाजूक जागी जरा खरचटलं, तरी जंतू थेट रक्तात जाऊ शकतात किंवा रक्त थांबत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खालून काहीही घालायचं नाही. बोट नाही, देठ नाही, औषधाची कांडी नाही.

मग घरी करायचं काय? तर थोडं थोडं, पण रोज. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, चहा, मग काही खाणं, आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी जाऊन बसणं, कळ असो नसो. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं, ती वेळ साधायची. घरातल्या बाकीच्यांनी तेवढा वेळ संडास मोकळा ठेवायचा, हे मी आमच्याकडच्या घरांत अगदी बजावून सांगते. शाळेची पोरं, ऑफिसला जाणारे, सगळ्यांनी आपापलं आधी उरकावं. दार वाजवायचं नाही. बसल्यावर जोर काढायचा नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा, गुडघे वर आले की सोपं जातं. पाणी दिवसाकाठी आठ-दहा पेले, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. साधं पाणी नको वाटतं, तोंड कडू झालेलं असतं, मग लिंबाचं सरबत, डाळीचं पाणी, पातळ पेज, जे घशाखाली उतरेल ते. आपल्या भागात तांदळाची भाकरी आणि भात, त्यात चोथा कमी. त्याच्या जोडीला दुधी, लाल भोपळा, पडवळ, मुगाची मऊ खिचडी आणि वर तूप. पिकली पपई, रात्री भिजवलेल्या मनुका, अंजीर. पेशी कमी असताना फळ स्वच्छ धुऊन, सालवाटं काढून, ताजं कापलेलंच द्यायचं. कच्ची कोशिंबीर त्या दिवसांत नको. आणि जमेल तसं चालणं. अंगणात चार फेऱ्या, तेही नाही तर खाटेवरच पाय हलवणं.

आणि कालनिर्णय! दुधाचा खाडा, गॅसची टाकी आपण त्याच्यावर लिहितोच. त्याच चौकोनात एक बारीक टिंब काढायचं, झालं की टिंब. कुणाला कळायला नको असेल तर कळणार नाही. काहींना रोज होतं, काहींना एक दिवसाआड, ते नेहमीचं असेल तर चालतं. पण तीन चौकोन ओळीनं रिकामे दिसले, की फोन करायचा. चौथ्याची वाट बघायची नाही.

डॉक्टरांशी बोलण्याचा एक किस्सा. एका दवाखान्यात मी एका वहिनींबरोबर बसले होते. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, 'मोशनचा काही त्रास?' वहिनी घाईनं म्हणाल्या, 'नाही नाही, मोशन अजिबात नाही.' त्यांच्या लेखी मोशन म्हणजे जुलाब! डॉक्टरांनी फक्त 'नाही' ऐकलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले. मी मध्ये बोलले, म्हणून कळलं की पाच दिवस झाले होते. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर साठ माणसं होती. म्हणून आता मी चिठ्ठी लिहून देते. किती दिवस झाले, खडा होतो का, रक्त पडतं का, वारा सरतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. चार ओळी. मुलासमोर किंवा सासऱ्यांसमोर तोंडानं बोलायची लाज वाटते ना? मग चिठ्ठी नर्सताईंच्या हातात द्या. त्या रोज हेच बघतात, त्यांना त्यात काही वाटत नाही.

काही गोष्टींत मात्र चिठ्ठी, फोन काही नाही, उठून दवाखान्यातच जायचं. पोट फुगून टणक झालं, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी जुलाबाचं औषध तर मुळीच द्यायचं नाही. ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला, रक्त पडलं, तरी तसंच. आजार हाडांत असलेल्या बाईचे पाय लुळे वाटू लागले, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी न्यायला हवं. फार तहान, गुंगी, असंबद्ध बोलणं आणि सोबत बद्धकोष्ठता असेल, तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. आणि एक फसवं लक्षण, आठवडाभर अडलेल्या बाईला अचानक पातळ पाण्यासारखं, नकळत थोडं थोडं होऊ लागतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, ते थांबवायची गोळी देतात. खरं तर आत खडा तसाच असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं.

मावशी त्यानंतर अकरा महिने होत्या. गोळी वेळेवर घ्यायच्या, रात्रीची सोनामुखीसुद्धा स्वतः मागून घ्यायच्या. नातीच्या हळदीला खुर्चीत बसून धवला गायला लागलेल्या बायकांना त्यांनी दोन ओळी सुधारूनही दिल्या. त्यांचा संडास जुन्या पद्धतीचा, बसलं की उठवत नसे, आणि कुणाला हाक मारायची लाज. म्हणून बसणंच टाळायच्या. मुलगा एके दिवशी मला म्हणाला, 'ताई, आईनं मला आधी का नाही सांगितलं?' मी म्हटलं, आता ते जाऊ दे, प्लंबरला बोलाव. त्यानं भिंतीला हातानं धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली आणि वर ठेवायला मधे भोक असलेली खुर्ची आणली. खुर्ची नंतर त्यांनी मंडळाला दिली. सध्या ती आमच्या मागच्या आळीत एका आजींकडे आहे. दांडी तिथंच आहे, सून बाळंतीण होऊन आली तेव्हा तिला उठता-बसता तीच उपयोगी पडली.